अर्धा सूर खाली

या, जरा जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावं, पुढच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून कुणाला काही पुण्य लागत नाही. आज एका माणसाच्या कानाची गोष्ट सांगतो. शेवट गोड आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. देव परीक्षा पाहतो असं आपण म्हणतो. ती परीक्षा कधीकधी गोळीच्या रूपात येते, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

आपल्या प्रार्थनेच्या दालनात एक जुना पियानो आहे. आठवड्यातून एकदा सकाळी ताई त्याच्यासमोर बसतात आणि गात गात निरूपण करतात. एक कडवं म्हणायचं, थांबून त्याचा अर्थ सांगायचा, अर्थातून एखादी गोष्ट निघते, गोष्टीत आपण पोट धरून हसतो आणि हसू ओसरायच्या आत ताई पुन्हा सुरात शिरलेल्या असतात. डोळे कधी भरून आले ते कळत नाही. मी गेली कित्येक वर्षं तिसऱ्या रांगेत बसून हे सुख घेतो आहे.

त्या पियानोच्या तारा जुळवायचं काम जुळवणीकाकांकडे. गावातल्या शाळा, दोन नृत्यशाळा, एक हॉटेल आणि पंधरा-वीस घरं, सगळीकडचे पियानो तेच जुळवतात. अडतीस वर्षं झाली. एका पियानोत दोनशेच्या वर तारा असतात. काका झाकण उघडतात, लोकरीची लांब पट्टी तारांमध्ये खोचून शेजारच्या तारा मुक्या करतात, खुंटीवर किल्ली बसवतात आणि एकेक तार केसभर ओढत किंवा सोडत जातात.

या धंद्यातले बाकीचे लोक सुरुवातीला नादकाटा वाजवतात. पोलादाचा दोन बोटांचा चिमटा असतो, गुडघ्यावर आपटला की एकच सूर देतो, पांढरी सहाचा, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीचा. त्या सुरावर पहिली तार लावायची आणि तिच्यावरून बाकीच्या. काकांना काटा लागत नाही. पांढरी सहा त्यांच्या डोक्यातच वाजते. तुम्हाआम्हाला लाल रंग पाहून हा लाल असं कळतं, तसं त्यांना सूर ऐकून कळतं. लोक विचारायचे, "काका, काटा नाही आणलात?" तर म्हणायचे, "चष्मा लागला की आणीन."

तर झालं असं की काकांच्या उजव्या गालातली नस बिघडली. साधी गोष्ट वाटते, पण ज्याला होते त्यालाच विचारा. दाढी करताना वस्तरा लागला, वीज. घास चावला, वीज. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली, वीज. सहा महिने माणूस गालावर हात धरून हिंडत होता. जेवण पातळ झालं, बोलणं तुटक झालं. काकू म्हणायच्या, "देवा, ह्यांची बडबड परत दे, मी एकदाही कुरकुर करणार नाही."

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. चौथ्या दिवशी काकांनी सफरचंद कचकन चावून खाल्लं आणि खाता खाता रडले. काकूंनी डोळे मिटून हात जोडले. मग डोळे उघडले आणि गोळ्यांच्या खोक्यातला कागद उलगडला.

काकू म्हणजे कागद वाचणारी बाई. साबणाच्या वेष्टनावरचंही वाचतात. गोळीमुळे काय काय होऊ शकतं त्याची यादी त्यांनी भिंग लावून वाचली, कागद कात्रीने नीट कापला आणि डिंक लावून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. शेजारी दोरीने पेन्सिल बांधली. रोज सकाळी चहाबरोबर तपासणी.

"पुरळ?"

"नाही."

"खाज?"

"नाही."

"चक्कर?"

"तुझ्या प्रश्नांनी येते."

"ते यादीत नाही. झोप जास्त येते?"

"तू येऊ देतेस का?"

"ऐकू कमी येतं?"

"आलं असतं तर फार बरं झालं असतं."

काकूंनी सगळ्यांपुढे फुल्या मारल्या. नाही, नाही, नाही. एवढ्या बारकाईने औषध घेणारं घर दुसरं सापडणार नाही, असं त्या शेजारणीला सांगत.

दुसऱ्या आठवड्यात काकांना वाटायला लागलं की सगळ्या जगाला सर्दी झाली आहे. किटलीची शिट्टी जड वाजली, तेव्हा म्हणाले, पाणी जास्त भरलंस. दारावरची घंटी मलूल वाजली, म्हणाले, बॅटरी उतरली, आणि नवी घालूनही ती मलूलच वाजली तेव्हा दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. काकू कामं करताना गुणगुणतात, त्यांना म्हणाले, "घसा बसलाय का तुझा? काढा घे."

"माझा घसा ठणठणीत आहे," काकू म्हणाल्या. "तुमचा गाल बरा झाला तर आता माझ्या घशामागे लागा."

त्याच आठवड्यात काका दालनातला पियानो जुळवायला आले. पहिली पट्टी दाबली आणि थबकले. दुसरी दाबली, तिसरी दाबली. सगळा पियानो एकसारखा अर्धा सूर उतरला होता. एक तार नव्हे, दहा नव्हेत, दोनशेच्या वर तारा, साऱ्या एकमेकींशी छान जुळलेल्या आणि साऱ्या अर्धा सूर खाली. तीन महिन्यांपूर्वी त्यांनीच लावलेला पियानो. काकांनी भिंतीला हात लावून ओल पाहिली, खिडक्या पाहिल्या, झाडणाऱ्या बाईंना विचारलं, "कुणी हलवला का हो हा?"

"मी त्याच्याखालचा केरसुद्धा हात लांब करून काढते," बाई म्हणाल्या.

इथे एखाद्या काटेवाल्याने काटा वाजवून पाहिला असता आणि गोष्ट इथेच संपली असती. पण ज्याच्या डोक्यातच पांढरी सहा वाजते तो काटा कशाला मागेल? काकांनी बाह्या सरसावल्या. दोन दिवस बसून, तीनतीनदा सगळ्या तारांवरून फिरून, त्यांनी तो अख्खा पियानो अर्धा सूर वर ओढला. म्हातारं लाकूड कण्हत होतं. तीन तारा तुटल्या, त्यातली एक मनगटाला चाटून गेली. नव्या घातल्या. दुसऱ्या संध्याकाळी पाठ धरून उठले तेव्हा समाधान होतं. बिघडलेलं वाद्य रांगेला लावलं होतं.

नंतरच्या निरूपणाला मी नेहमीच्या जागी होतो. ताईंनी सुरुवात केली आणि मला वाटलं, आज आवाज ताणलेला आहे. मध्यावर एक चढतं कडवं आहे, देवाला उंच हाक मारायची जागा. ताई तिथे नेहमी पाखरासारख्या जाऊन बसतात. त्या दिवशी आवाज वर गेला आणि फाटला. ताईंनी घोटभर पाणी घेतलं, पुन्हा गेल्या, पुन्हा फाटला. मग पियानोवरचे हात उचलले आणि उरलेलं निरूपण नुसतं बोलून पुरं केलं. सगळे एकदम चपला शोधायला लागतात ना, तशी गडबड झाली.

दारात ताई मला म्हणाल्या, "वय झालं हो माझं. आता गाणं आवरतं घ्यावं म्हणते."

"एका दिवसाने काय होतंय," मी म्हणालो.

"एका दिवसाने नाही. पण कुठल्यातरी एका दिवशीच कळतं."

काका शेवटच्या रांगेत होते. त्यांना पियानो बरोबर ऐकू येत होता, ताईंचा सूर बरोबर ऐकू येत होता आणि तरी ताईंचा गळा फाटत होता. अडतीस वर्षांत त्या जागी तो कधी फाटला नव्हता. ते कुणाशी न बोलता निघाले ते थेट नृत्यशाळेत गेले. तिथल्या वादनशिक्षकाकडे नादकाटा होता.

"तुम्हाला काटा?" शिक्षक हसले. "चष्मा लागला वाटतं."

काकांनी काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. अर्धा सूर खाली. पुन्हा आपटला. पुन्हा तेच. आता किटली चुकेल, घंटी चुकेल, बायकोचा घसा बसेल, पियानो ओलीने उतरेल, पण पोलाद चुकत नाही. काकांनी काटा हळूच टेबलावर ठेवला आणि बरं नाही म्हणून घरी गेले.

घरी जाऊन त्यांनी किल्ली, पट्ट्या, तारांची भेंडोळी, सगळं पिशवीत भरलं, पिशवीची चेन लावली आणि ती माळ्यावर टाकली. दोन शाळांना फोन करून सांगितलं, या महिन्यात जमणार नाही. कान गेला होता. बहिरेपण आलं असतं तर निदान लोकांना सांगता आलं असतं. हे कुणाला कसं सांगायचं, की सगळं ऐकू येतं आहे आणि काहीच खरं नाही? ज्या माणसाने हयातभर कुणाचं फाजील कौतुक घेतलं नाही, पण या एका गोष्टीचा मनातल्या मनात अभिमान बाळगला, त्याचं तेवढंच काढून घेतलं होतं. काकांनी देवाशीही बोलणं टाकलं. प्रार्थनेला बसायचे, पण ओठ हलायचे नाहीत.

काकूंच्या यादीत मात्र फुल्या चालूच. पुरळ नाही, खाज नाही.

महिन्याच्या गोळ्या संपल्या तेव्हा दोघं औषधांच्या दुकानात गेली. काउंटरमागे एक मध्यमवयीन बाई असतात, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. दुकानात बरीच गर्दी होती. त्यांनी चिठ्ठी पाहिली, खोकं काढलं आणि काकांकडे पाहिलं.

"दुखणं कमी आहे?"

"पूर्ण गेलं," काकू म्हणाल्या.

"आणखी काही त्रास?"

"काही नाही. मी रोज विचारते. लिहून ठेवलंय."

औषधवाल्या बाईंनी काकूंकडे पाहून मान हलवली, पण खोकं हातातच ठेवलं. मागच्या गृहस्थाने घसा खाकरला.

"मी त्यांना विचारलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही काय काम करता, काका? गाडी वगैरे चालवता का? या गोळीने झापड येते, म्हणून विचारते."

"नाही. पियानो जुळवायचो."

काकूंनी मान वळवली. "जुळवायचो म्हणजे?"

काका खिशातले पैसे मोजायला लागले.

"अहो, जुळवायचो म्हणजे काय? परवा शाळेचा फोन आला तेव्हा तुम्ही म्हणालात, पाठ धरली आहे."

"पाठ धरली नव्हती," काका म्हणाले. मग सगळ्या गर्दीसमोर, काउंटरच्या काचेकडे बघत, हलक्या आवाजात बोलले, "कान गेला माझा."

"ऐकू कमी येतं?" बाईंनी विचारलं.

"तेच तर नाही. सगळं येतं. आत्ता मागच्यांनी घसा खाकरला तेही आलं. पण प्रत्येक आवाज अर्धा सूर खाली येतो. तुमचाही. हिचाही. देवाच्या दारातला पियानो मी बिघडवून आलोय."

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "कधीपासून?"

"तीन आठवडे होतील."

"आणि गोळी सुरू करून?"

"महिना," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा हात तोंडाकडे गेला. "पण यादीत असं काही नाही. मी शब्द न् शब्द वाचलाय. कपाटाला चिकटवलाय."

"कुठली बाजू?"

"कुठली म्हणजे?"

बाईंनी नवं खोकं फोडलं, कागद उलगडला आणि उलटा करून काउंटरवर पसरला. काकूंनी महिनाभर ज्या बाजूला डिंक लावून ठेवला होता ती ही बाजू. बाईंचं बोट अगदी खाली गेलं, जिथे अक्षरं मुंगीएवढी होतात. फार क्वचित आढळणारे परिणाम. तिथे एक ओळ होती. आवाजांचा सूर बदललेला भासणे.

काकांनी ती ओळ वाचली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली, लहान मुलं वाचतात तशी.

"म्हणजे हे गोळीचं आहे?"

"दिसतंय तसंच. डॉक्टर सांगतील. पण मला दिसतंय तसंच. बहुतेकांना कळतसुद्धा नाही, काका. मला झालं असतं तर मला आयुष्यात कळलं नसतं. तुम्हाला कळलं म्हणजे तुमचा कान जागेवर आहे."

मागचे गृहस्थ म्हणाले, "मग माझी ही रक्तदाबाची गोळी—"

"तुमचा नंबर आला की," बाई म्हणाल्या.

बाईंनी आतलं स्टूल काढून दिलं. काकू शेजारी उभ्या राहून आधी रडल्या आणि मग भडकल्या. "तीन आठवडे? आणि मी रोज समोर बसून खाज आहे का विचारतेय. सांगायला तोंड नव्हतं?"

"तू ऐकू कमी येतं का विचारलंस. कमी येत नव्हतं."

"हो का? वकील व्हायचं होतंत."

"तू पलीकडची बाजू चिकटवलीस त्याचं काय?"

"ते आपण घरी बोलू," काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, "आजपासून गोळी बंद." बाई पहिल्यांदाच जरा कडक झाल्या. "अजिबात नाही. ही एकदम सोडायची नसते. तुम्ही इथेच बसा." त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, आणि गर्दीला थांबवून लावला. डॉक्टरांनी काकांशी बोलून सगळं ऐकून घेतलं. अशा माणसांबद्दल आपण वाचलं आहे, कुणी पाहिलं नव्हतं, असं म्हणाले. ही गोळी हळूहळू कमी करायची, दुसरी हळूहळू वाढवायची, तीही तपासण्या करत.

"आणि सूर?" काकांनी विचारलं.

"परत यायला हवा. हमी मी कशाचीच देत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण यायला हवा."

पुढचे दिवस सोपे नव्हते. मधे दोन दिवस गालात पुन्हा वीज खेळली आणि काकांना जुन्या गोळीची आठवण आली. गाल हवा की कान, असा सौदा करायची वेळ आली तर काय मागायचं, हे त्यांनी देवाला विचारलं. म्हणजे बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. मग नव्या गोळीने गाल शांत झाला, पण सूर तिथेच. काकू रोज विचारायच्या, आता एकच प्रश्न, आणि पेन्सिल न घेता. काका मान हलवायचे.

अठराव्या दिवशी काका भाजी घेऊन जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर नुकतंच बाळ झालं होतं. बंद दारामागे ते टाहो फोडून रडत होतं. काका पायरीवरच थांबले. तान्ही मुलं बहुतेक एकाच सुराच्या आसपास रडतात, हे त्यांनी तरुणपणीच ताडलं होतं. हे रडत होतं ते पांढरी सहाला, अगदी नाकासमोर, इकडे नाही तिकडे नाही.

दार उघडून बाळाची आई बाहेर आली. झोप नसलेला चेहरा. "सॉरी काका, सकाळपासून थांबतच नाही. तुम्हाला त्रास होतो ना?"

"रडू दे," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पोरी, देवाचं नाव घे आणि आणखी थोडं रडू दे."

तिने घाबरून दार लावून घेतलं. नंतर काकू जाऊन समजावून आल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी माळ्यावरून पिशवी काढली आणि दालनात आले. मी तिथे होतो. ताईंनाही बोलावून घेतलं होतं. काका त्यांच्यासमोर उभे राहिले, शाळेत उभं करतात तसे.

"ताई, तुमचा गळा त्या दिवशी फाटला नाही. मी फाडला. पियानो अर्धा सूर वर चढवून ठेवला होता. रोज जिथे पोचता त्याच्या वर एक मजला बांधून ठेवला आणि तुम्ही त्यावर चढायला गेलात."

ताईंनी गळ्याला हात लावला. "म्हणजे मी महिनाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतेय ते?"

"माझ्यामुळे."

"आणि मी मोठ्या सुनेला सांगून टाकलं की आता तू शिक, माझं संपलं."

"तेही माझ्यामुळेच."

"तिने क्लास लावलाय, काका. फी भरलीय." आणि ताईंना हसू फुटलं. हसता हसता त्या पुढच्या खुर्चीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "असू द्या, शिकू द्या तिला. पण मी आहे अजून. आहे ना?"

"आहात," काका म्हणाले, आणि झाकण उघडलं.

ताण उतरवायलाही दोन दिवस लागले. लाकूड या खेपेला कण्हलं नाही. काम झाल्यावर ताई पियानोपाशी बसल्या, श्रोते म्हणजे काका, काकू, झाडणाऱ्या बाई आणि मी. चढतं कडवं आलं. ताई गेल्या, बसल्या, आणि तिथे इतका वेळ थांबल्या की काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. काका डोळे मिटून होते. ओठ हलत होते.

एवढीच गोष्ट. आता उठण्याआधी एक मागणं आहे. काकांना आठवू नका, त्यांचं भलं झालं आहे. ताईंचंही झालं आहे. आज घरी जाऊन हात जोडाल तेव्हा त्या औषधांच्या दुकानातल्या बाईंना आठवा. मागे रांग लागली होती, उत्तर मिळालेलं होतं, खोकं हातात होतं, देऊन मोकळ्या झाल्या असत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, मी त्यांना विचारलं. त्यांचं नाव मला माहीत नाही. देवाला असेल. तुम्ही नुसतं म्हणा, त्या बाईंना सुखात ठेव.